वाफेवरचं मीठ

त्या वर्षी समाराधनेच्या काळ्या वाटाण्यांचा मान आमच्या घरातून अर्धा गेला.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलंच नाही. आमच्या खोलवाडीत कुणालाही विचारा. तात्या गावकरांना तर जरूर विचारा. ते घसा साफ करतील, आभाळाकडे बघतील आणि सांगतील की देवाची उसळ परबांच्या, म्हणजे आमच्या, चुलीवर शिजते, पूर्वीपासून शिजते, आणि टोपही पूर्वीपासून दोनच असतात. तेव्हा ही काहीही न घडल्याची हकिगत आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि आमच्याच स्वयंपाकघरात, दाराआड, एका सुपामागे लपलो होतो. हातात मिठाची रिकामी बरणी होती. तिच्यातली शेवटची मूठ मी नुकतीच चुलीवरच्या टोपात टाकली होती. बरणी भर सकाळी तळाला कशी गेली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण तेवढ्यात पावलं वाजली आणि मी सूप तोंडासमोर धरलं.

आत आले ते बाबा. चोरपावलांनी. माझे बाबा पंचायतीच्या नळपाण्याचा पंप चालवतात. चोरपावलांची त्यांना सवय नाही. तीन पावलांत त्यांनी एक पाट, एक तांब्या आणि मांजर एवढ्यांना लाथ मारली. मग पंच्याच्या टोकाची गाठ सोडली, त्यातली मूठभर पांढरी वस्तू टोपात टाकली, डावाने ढवळलं, टोपाला हात जोडले आणि वळले.

"दिगू," ते म्हणाले, "तुझे पाय दिसतत."

मी सूप खाली घेतलं. "बाबा, तुमी काय घातलात?"

"साखर."

"उसळीत?"

"थोडी."

बाबांना खोटं बोलता येत नाही. त्यांचे कान आधी लाल होतात, मग खोटं येतं.

"बाबा, मीठ मी घातलंय."

"कधी?"

"आत्ता."

"मीपण आत्ताच." ते टोपाकडे बघत राहिले. "तुका कोणी सांगल्यान घालूक?"

"तुमका कोणी सांगल्यान?"

"तसाच."

"माकापण तसाच."

टोपात काळे वाटाणे रटरटत होते. आम्ही दोघं त्यांच्याकडे असे बघत होतो, जसे काही ते आम्हाला आत काय चाललंय ते सांगणार होते.

हे सगळं इतकं गंभीर का होतं, ते सांगतो. आमच्या गावात वर्षातून एकदा देवळात समाराधना होते. भात देवळात शिजतो, भाजी देवळात शिजते, पण काळ्या वाटाण्याची उसळ मानाची. ती आमच्या घरच्या चुलीवर शिजायची, आणि ढोल वाजवत गाव ती न्यायला यायचं. गावकर आणि मानकरी, एरवी ज्यांच्या टोप्या झोपेतही उतरत नाहीत, ते आमच्या अंगणात टोप्या काढून आईची वाट बघत उभे राहायचे. आईला वर्षात तो एकच दिवस असा मिळायचा. बाकीचे दिवस तिला कोण विचारतंय? आम्हीसुद्धा नाही.

नियम एकच, आणि तो कडक. नैवेद्य दाखवण्याआधी कुणी चव घ्यायची नाही. थेंब नाही, दाणा नाही, डाव चाटायचा नाही. मग मीठ बरोबर आहे हे कसं कळायचं? वाफेवरून. आई टोपावर वाकायची, एक लांब श्वास घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चिमूट कमी." आणि ती चिमूटच कमी असायची. वास घेणं म्हणजे अर्धं खाणं, असं काही कडक लोक म्हणतात. पण वाफ आपणहून नाकात शिरली तर तिला कोण अडवणार, असा आमच्या वाडीचा निर्णय आहे.

आणि त्या वर्षी भाद्रपदात आई तापाने झोपली, आणि उठली ती नाक तिथेच ठेवून.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. दूध करपून अख्ख्या वाडीला वास गेला, कुत्री भुंकायला लागली, आणि आई चुलीशेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. मी दूध उतरवलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी म्हणालो, "आच जास्त होती." ती म्हणाली, "व्हय." 

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण मान जायला एवढं पुरतं. आदल्याच वर्षी ढोलाचा मान एका म्हाताऱ्याकडून काढून घेतला होता, त्याला ऐकू येत नाही म्हणून. खरं तर ऐकू न येणाऱ्या माणसाइतका मोकळेपणाने ढोल कुणी वाजवत नाही. पण नियम म्हणजे नियम.

मी माझ्या परीने उपाय केला होता. कुंपणापलीकडच्या भामाकाकीकडे गेलो. भामाकाकी म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको. तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर पाला आणि सगळ्या माणसांवर शिव्या मिळतात. मी म्हणालो, "काकी, माझ्या एका मित्राचं नाक गेलंय." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग फडक्यात ओवा बांधून दिला. "मित्राच्या उशीत घाल." मी ती पुरचुंडी आईच्या उशीच्या अभ्र्यात सरकवली. उशी जरा गुठळ्या झाल्यासारखी लागली. पण जुन्या उशांत गुठळ्या असतात, म्हणून मी खोलात गेलो नाही.

तर आम्ही, म्हणजे मी आणि बाबा, टोपाकडे बघत उभे असताना माझी बहीण अक्षता आत आली. ती तेव्हा कुडाळला रसायनशास्त्र शिकत होती आणि घरात चहासुद्धा मोजून प्यायची.

"कोणी हात लावू नका," ती म्हणाली. "मीठ झालंय. मी घातलंय. वाटाण्यांचं वजन, पाणी, नारळ, सगळं धरून हिशोब केलाय. एकदम बरोबर आहे."

बाबा खाली पाटावर बसले. तो पाट मघाशी त्यांनीच उलटा केला होता, त्यामुळे परत उठले.

"तू कशाला घातलंस?" मी विचारलं.

"असंच."

"आमच्या घरात आज असंच फार होतंय."

ती माझ्या हातातल्या बरणीकडे बघायला लागली, मग बाबांच्या पंच्याच्या सुटलेल्या गाठीकडे. मग अगदी हळू आवाजात, जसं काही टोप ऐकत होता, ती म्हणाली, "आईचं नाक?"

"तुका म्हायत आसा?" बाबा.

"तुम्हाला माहीत आहे?" मी.

"तुला कधीपासून माहीत आहे?" अक्षता.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. तीन आठवडे एवढं मोठं गुपित एकट्याने सांभाळून माझं पोट फुगलं होतं. बाबांचंही तसंच असावं, कारण त्यांनी मला मिठी मारली. मिठीतच त्यांना आठवलं. "म्हणजे तिघांनी घातला!"

"आणि आईने?"

आम्ही तिघं मागीलदारी धावलो. आई न्हाणीत होती. गाव यायच्या आधी न्हाऊन, कोरं लुगडं नेसून तयार राहायचं असतं.

"आई," अक्षता दारातून ओरडली, "उसळीत मीठ घातलंस?"

"घातलंय! दोनदा घातलंय!" आतून पाण्याचा आवाज थांबला. "म्हणजे, येकदाच!"

आम्ही परत धावलो.

टोप तोच होता, पण आता तो वेगळाच दिसायला लागला. एरवी त्या टोपाइतकं सुंदर जगात काही नसतं. रात्रभर भिजून टपोरे झालेले काळे वाटाणे, मऊ शिजलेले, पण साल शाबूत. भाजून खरपूस केलेल्या ओल्या नारळाचं वाटप, त्यात धणे, बडीशेप, मिरी, लवंग, सुक्या मिरच्या. देवाचं म्हणून कांदा-लसूण नाही, पण खोबरेल तेलात राई, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी पडली की कांद्याची कुणाला आठवण येत नाही. वर कोकमं. रंग असा, की ताटात वाढली की भात आपोआप गरीब दिसतो. आणि त्यात आता आख्खं घर आपापल्या प्रेमाने मीठ ओतून बसलं होतं.

"कदाचित बरोबरसुद्धा असेल," बाबा म्हणाले. "चाखल्याबिगर कसा कळतला?"

"बटाटा," अक्षता म्हणाली.

"बटाट्याचा काय?"

"मिठाच्या पाण्यात वस्तू तरंगतात. खरं तर अंडं टाकतात."

"देवाच्या नैवेद्यात अंडा?" बाबा इतके दचकले, की त्यांनी पहिल्यांदा टोपाचीच माफी मागितली.

"म्हणून तर बटाटा म्हणते." तिने एक कच्चा बटाटा सोलून, धुऊन, टोपात सोडला. बटाटा राहिला वरच. शांत, गोरा, तळ्यात डुंबायला आलेल्या पाहुण्यासारखा.

"तरंगता," बाबा खचलेल्या आवाजात म्हणाले.

"किंवा वाटाण्यांवर बसलाय," मी म्हणालो.

तो बसलाय की तरंगतोय, यावर शास्त्र आणि बाबा यांचं एकमत होईना. अक्षताने बोटाने ढकलला. तो बुडाला नाही, सरकला. आणि त्याच क्षणी, देवळाच्या दिशेने, ढोल वाजला.

गाव निघालं होतं.

"पाणी घाला!" बाबा.

"पातळ होईल. ओहोळ होईल," अक्षता.

"नारळ?"

"होते तेवढे संपले."

"दिगू, झाडार चढ!"

"बाबा, ढोल पुलावर आलाय. मी झाडावरून उतरेपर्यंत गाव जेवून झोपलेलं असेल."

"मगे आणखी वाटाणे!"

"भिजवायला एक रात्र लागते."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "काय रे, तुमच्या घरात मिठागर फुटला काय? कुंपणापलीकडे माझे डोळे चुरचुरले."

भामाकाकी. ती उंबऱ्यात उभी होती, कमरेवर हात ठेवून, नाक पुढे करून. आमच्या घरातलं वास घेणारं एकमेव नाक संपावर होतं, आणि हे दुसरं आमच्याकडे आपणहून चालत आलं होतं. पण आई आणि भामाकाकी यांच्यात गेले पंधरा दिवस अबोला होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुंपणावरून असेल. आमच्याकडे कारण नसलं की कुंपण असतं.

"वयनी, तू हंय कित्याक इलंस?" बाबांनी दोन्ही हात पसरून टोपाच्या आणि तिच्यामध्ये उभं राहत विचारलं.

"सरक."

बाबा सरकले.

काकी टोपावर वाकली. वाफ आपणहून तिच्या नाकात गेली. तिने डोळे मिटले, उघडले, आणि आमच्याकडे एकेकाकडे बघितलं.

"चार हातांचा मीठ आसा ह्यात. येक हात दोनदा पडलो. आणि येक हात लय मोठो."

बाबांनी आपला हात पाठीमागे घेतला.

"बटाटो कोणाचो?"

"शास्त्राचा," मी म्हणालो.

"काढ तो." तिने पदर खोचला. "माझ्या चुलीर टोप आसा. वाटाण्यांचो. शिजलेलो, वाटप लावलेलो, सगळा. फक्त अळणी. मिठाचो कण नाय."

 मग बाबांना उलगडा झाला, आणि त्यांचे कान वेगळ्या कारणाने लाल झाले.

"म्हणजे तू आमचो मान घेवक टपलंस! आमच्या चुलीर कायतरी बिघडतला, आणि तू तुझो टोप पुढे करतलंस!"

"टपलंय. मगे? बावीस वर्षां कुंपणापलीकडसून वास घेतंय ह्या टोपाचो. येकदा तरी माझ्या चुलीर शिजूक नको?"

"दुसऱ्या चुलीचा देवाक चालणा नाय!"

"मीठ पडल्याबिगर ता जेवाणच नाय. नैवेद्य तर नायच नाय. नुसते शिजलेले वाटाणे आसत. देवाक ठाऊक पण नाय ते शिजले म्हणान."

 आमच्याकडे खरंच तसं मानतात. अळणी अन्न हे अन्न होण्याच्या वाटेवरचं काहीतरी असतं. मीठ पडलं की त्याचा जन्म होतो. भामाकाकीने कायद्याच्या एका फटीत आख्खा टोप शिजवून ठेवला होता.

"दोनय टोप मिसळले की मीठ बरोबर होतला," ती म्हणाली. "पण असो चोरून देवचंय नाय. तुझ्या बायलेन माका सांगूक व्हया. तिच्या तोंडान."

"काय सांगूक?" मागून आईचा आवाज आला.

आई हिरवं लुगडं नेसून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून उभी होती. भामाकाकीला बघून तिचा चेहरा असा झाला, जसा ताकात माशी सापडल्यावर होतो.

"ही माझ्या चुलीकडे कशाक? उशीत करणी घातलंस, त्यान पोट नाय भरला?"

"करणी?" काकी म्हणाली.

"तीन पुरचुंड्यो! येकापाठोपाठ येक! माझा नाक बांधून घेतलंस आणि आता उसळीर बसलंस?" मग तिला आपण काय बोललो ते कळलं, आणि तिने तोंडावर हात धरला.

तीन पुरचुंड्या. मी जमिनीकडे बघायला लागलो. शेजारी बाबा जमिनीकडे बघत होते. अक्षताही जमिनीकडेच. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीला एवढं लक्ष आयुष्यात कधी मिळालं नसेल.

भामाकाकी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग तिने चुलीच्या कडेला हात टेकला.

"गो बाये, तो ओवो आसा! ओवो! ह्यो तुझो झील इलो, मित्राच्या नाकासाठी. दुसऱ्या दिवशी तुझा चेडू इला, कालेजातल्या बाईंच्या नाकासाठी. आणि हो तुझो घोव…" तिला पुढे बोलवेना. "हो इलो म्हशीच्या नाकासाठी!"

"आमच्याकडे म्हैस नाही," मी म्हणालो.

"शेजाऱ्याची," बाबा पुटपुटले.

"शेजारीण मीच आसंय! माझ्याकडेपण म्हस नाय!"

आई कुणाकडेच बघत नव्हती. ती चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती.

"म्हणजे तुमका म्हायत होता," ती म्हणाली. "तिघांकय."

"दुधाच्या दिवसापासून," मी म्हणालो.

"काकडीच्या सांदणापासून," अक्षता म्हणाली. "जळलेलं सांदण तू चांगलं म्हणालीस."

"आणि मी शेव करपवलंय मुद्दाम," बाबा म्हणाले, "बघूक. तू म्हणालंस, आज काय छान वास सुटलोहा."

ढोल आता आंब्याच्या वळणावर होता. आईने पंचा काढून केस मागे टाकले. मग तिने फार गंभीरपणे भामाकाकीला विचारलं, "मगे मी तुझ्या अंगणात टाकलंय ती लिंबां?"

"ती तू टाकलंस?"

"उतारो म्हणान."

"बरी रसाळ होती. लोणचा घातलंय."

"त्यांका टाचण्यो टोचलेल्यो होत्यो गो!"

"म्हणान मसालो बरो मुरलो."

आई हसली. मग हसायची थांबली. ती सरळ उभी राहिली, देवळात गाऱ्हाणं घालताना राहतात तशी.

"भामाबाय," ती म्हणाली, "माका वास येणा नाय."

"म्हायत आसा," काकी म्हणाली. "दिगू, धाव, टोप आण."

मी धावलो. कुंपणाला दार नव्हतं, त्यामुळे कुंपणच घेऊन गेलो. नंतर ते परत लावायचं कुणाला सुचलं नाही. टोप उचलून आणताना वाफ माझ्या तोंडावर येत होती, आणि मी श्वास रोखून धरला होता, उगीच आपल्यामुळे मान बिघडायला नको म्हणून. मागे अंगणात ढोल शिरला.

"बाबा, तात्यांना थांबवा!" अक्षताने बाबांना बाहेर ढकललं.

बाबा बाहेर गेले. आतून आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. गावाचे मुख्य गावकर तात्या टोपी काढून उभे होते, आणि बाबा त्यांना नळाच्या वेळा सांगत होते.

"…म्हणजे वरच्या आळीक सकाळी, खालच्या आळीक संध्याकाळी. पण व्हॉल्व्ह नीट बसलो नाय तर…"

"सदानंद, नळाचा मरो. टोप खंय?"

"येताहा. तर व्हॉल्व्ह…"

आत तिसरा, मोठा रिकामा टोप मधे ठेवला. आईच्या हातात डाव. समोर भामाकाकी, नाक पुढे करून. आईने आमच्या टोपातले दोन डाव घातले, काकीच्या टोपातले दोन. खारट आणि अळणी एकमेकांत ओतत गेली. काळ्या वाटाण्यांवर काळे वाटाणे पडत होते, नारळाचा तवंग फिरत होता.

"आता?" आईने विचारलं.

"नाय. माझ्यातले आणखी."

"आता?"

"थांब. ढवळ. तळाक."

"आता?"

काकी वाकली. वाफेने तिचं तोंड झाकलं. आईचा डाव हवेत होता आणि ती काकीच्या नाकाकडे अशी बघत होती, जसं परीक्षेचा निकाल लागताना बोर्डाकडे बघतात. मी आणि अक्षता एकमेकांचे हात घट्ट धरून उभे होतो. लहानपणी भांडायचो तेव्हाही आम्ही एवढे घट्ट धरले नव्हते.

"चिमूट कमी," काकी म्हणाली.

आईने बाबांच्या पंच्यातून सांडलेल्या मिठातली चिमूट उचलली आणि टाकली.

"आता," काकी म्हणाली.

मोठा टोप भरला, तरी उसळ उरली. तीही त्याच मापाने आमच्या टोपात मिसळली. आता टोप दोन झाले होते. दोन्ही भरलेले, दोन्ही वाफाळते, आणि मानाचा टोप एकच न्यायचा असतो. पण विचार करायला वेळ नव्हता. आईने एक उचलला, भामाकाकीने दुसरा, आणि दोघी अंगणात आल्या.

ढोल थांबला. तात्या गावकरांनी एका टोपाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन?"

"वाटाणे फुगले," भामाकाकी म्हणाली.

तात्यांनी आईकडे बघितलं. मग काकीकडे. मग माझ्याकडे, कारण माझ्या गंजीला कुंपणाची एक काठी अजून अडकलेली होती. तेवढ्यात वारा आला आणि दोन्ही टोपांची वाफ तात्यांच्या नाकावर गेली. तात्यांनी घसा साफ केला. आभाळाकडे बघितलं.

"पूर्वीपासून दोनच असतत," ते म्हणाले. "वाजवा रे!"

देवळात नैवेद्य झाला. गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा" म्हटल्यावर सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. आमच्या घराने जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. मग पत्रावळी मांडल्या. आई खांबाआड डाव घेऊन उभी होती. तात्यांनी पहिला घास घेतला. त्यांचा हात वर गेला.

पाणी मागतायत, असं मला वाटलं. मी तांब्या घेऊन पुढे झालो.

"पाणी नको रे," ते म्हणाले. "उसळ."

त्या दिवशी पंगतीत जो तो खात होता. एक म्हातारा म्हणाला, यंदा उसळीत काय वेगळं आहे ते कळत नाही. शेजारचा म्हणाला, वेगळं काही नाही, तू म्हातारा झालास. दोन्ही टोप तळापर्यंत पुसून गेले. मला पानात वाटाणे मिळाले ते अकरा. मी मोजून खाल्ले.

परतताना मी भामाकाकीसोबत रिकामा टोप घेऊन चालत होतो. डोक्यात एक गोष्ट सारखी येत होती.

"काकी, तुला मान घ्यायचा होता ना? मग टोपात मीठ का नाही घातलंस? मीठ घालून तयार ठेवला असतास, तर तुझा टोप पुढे झाला असता आणि आमचा परसात ओतला असता."

 काकीने आपल्या पायातली चप्पल काढून एक खडा झटकला.

"तिघा जणा नाक मागूक इली," ती म्हणाली. "कुणी कुणाक सांगूक नाय. तेव्हाच समाजला, समाराधनेक तुमच्या टोपात मीठ किती पडतला ता." मग तिने टोपावर टिचकी मारली. "मी काय खुळी आसंय, माझापण मीठ घालूक?"

कुंपण परत कधी लागलंच नाही. दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमारास, मी पाठमोरा बसून फोन बघत होतो आणि मागीलदाराबाहेरून आईचा आवाज आला, "दिगू, दूध बघ, लागतला." मी उडी मारून दूध उतरवलं. ते लागायलाच आलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी म्हणालो, "आच जास्त होती." ती म्हणाली, "व्हय."

त्या वर्षी समाराधनेला, आमच्या स्वयंपाकघरात, दोन टोप मधे ठेवून आई डाव घेऊन बसली. एक खारट, एक अळणी. समोर भामाकाकी नाक पुढे करून.

"आता?" आईने विचारलं.

"थांब," काकी म्हणाली.

आणि आई थांबली. आज इतक्या वर्षांनी काकीच्या पाठीला बाक आलाय, आईचे गुडघे चुलीपुढे बसताना वाजतात, आणि अजून दर वर्षी ती विचारते, काकी थांब म्हणते, आणि ती थांबते.

आता एवढं वाचलंतच, तर दर वर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी मी मनातल्या मनात ठेवतो तो अर्ज इथे देऊन ठेवतो.

प्रति, देव रवळनाथ, मु. खोलवाडी. विषय: काळ्या वाटाण्यांबाबत. महोदय, नैवेद्य दाखवल्यापासून पंगत बसेपर्यंतच्या वेळात मीठ कमी, जास्त की बरोबर, याबाबत आपला लेखी अभिप्राय मिळाल्यास आमची सोय होईल. ते शक्य नसल्यास हरकत नाही, त्याची व्यवस्था आमच्याकडे आहे. सबब विनंती एवढीच की, सदर व्यवस्थेतील दोन्ही महिलांस वयोमानाच्या नियमातून कायमची सूट देण्यात यावी. कळावे.